ठेका-वादक प्रोग्राम: लुआचे मॉड्यूल-पाथ अखेर जागेवर

तबल्याचे ठेके वाजवणारा, लुआ या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.४ आवृत्तीत लिहिलेला माझा छोटा प्रोग्राम आता कुठल्याही फोल्डरमधून चालतो. याआधी त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जाऊन चालवला तरच चालायचा, दुसरीकडून चालवला की पहिल्याच रिक्वायरला (वेगळ्या फाइलमधलं मॉड्यूल, म्हणजे कोडचा तुकडा, आत घेणाऱ्या फंक्शनला) थांबायचा.

अशा वेळी लुआ जो एरर देते, तो मला मनापासून आवडतो. मॉड्यूल सापडलं नाही एवढंच सांगून ती थांबत नाही, कुठेकुठे शोधलं त्या प्रत्येक फाइलचं नाव ओळीने छापते. रिक्वायरला मी ‘ताल.झपताल’ असं नाव देतो. यादीत त्याचं ‘/यूएसआर/लोकल/शेअर/लुआ/५.४/ताल/झपताल.लुआ’ झालेलं दिसलं आणि सगळी यंत्रणा उलगडली. मॉड्यूल कुठे शोधायचं ते सांगणारा पॅकेज.पाथ ही साधी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आहे, अर्धविरामांनी तोडलेली. तिच्या प्रत्येक तुकड्यात एक प्रश्नचिन्ह असतं. नावातल्या टिंबाचा स्लॅश होतो, ते नाव प्रश्नचिन्हाच्या जागी बसतं आणि जी फाइल आधी उघडेल ती घेतली जाते. फोल्डरांची यादी वगैरे काही नाही, नुसती शब्दांची अदलाबदल. इतक्या थोड्यात इतकं काम करणारी रचना मी दुसऱ्या भाषेत पाहिलेली नाही.

आता मुख्य अडचण. डिफॉल्ट पाथच्या शेवटाकडे ‘./?.लुआ’ असतं. यातलं टिंब म्हणजे टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उभं आहे तो फोल्डर. स्क्रिप्टची फाइल कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. पायथनवरून येणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण तिथे स्क्रिप्ट चालवली की तिचाच फोल्डर शोधयादीत आपोआप पहिला लागतो. लुआमध्ये ते आपल्याला करावं लागतं: आर्ग[०] मध्ये स्क्रिप्टचं नाव पाथसकट येतं, त्यातला शेवटच्या स्लॅशपर्यंतचा भाग काढायचा (स्लॅश नसेल तर ‘./’ धरायचा), त्याला ‘?.लुआ;’ जोडायचं आणि हे सगळं जुन्या पॅकेज.पाथच्या आधी लावायचं. काम एका ओळीचं आहे, पण ती ओळ पहिल्या रिक्वायरच्या वर हवी.

एवढ्यावर भागत नाही. प्रोग्रामची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) कमांडच्या बिन फोल्डरमध्ये ठेवली की आर्ग[०] मध्ये लिंकचा पाथ येतो, खऱ्या फाइलचा नाही. म्हणून बिनमध्ये लिंकऐवजी दोन ओळींची शेल स्क्रिप्ट ठेवली. ती खऱ्या फाइलचा पूर्ण पाथ देऊनच लुआला बोलावते. लुआ_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरूनही जमलं असतं, आणि त्यात सलग दोन अर्धविराम दिले की तिथे डिफॉल्ट पाथ भरला जातो ही सोय छान आहे. पण लुआरॉक्सचा (लुआच्या पॅकेज मॅनेजरचा) सेटअप बहुतेक त्याच व्हेरिएबलवर चालतो. शिवाय लुआ_पाथ_५_४ सेट असेल तर साध्या लुआ_पाथकडे लुआ बघतच नाही. दुसऱ्याच्या मशीनवर चालायचं असेल तर मला हे परवडत नाही.

पाथ वाढवताना एक गोष्ट सांभाळा. एकदा लोड झालेलं मॉड्यूल पॅकेज.लोडेडमध्ये नावाने साठतं, फाइलच्या पत्त्याने नाही. ताल फोल्डरही पाथमध्ये घातला, तर ‘ताल.झपताल’ आणि ‘झपताल’ ही दोन वेगळी मॉड्यूलं ठरतात आणि फाइल दोनदा चालते. एकाची लय बदलली तरी दुसऱ्याची तशीच राहते. म्हणून पाथमध्ये मूळ फोल्डर एकच, बाकी सगळं टिंबांनी.

मॉड्यूलांची नावं सरळ देवनागरीत ठेवली आहेत. लुआमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालत नाही, पण रिक्वायरला लागते ती नुसती स्ट्रिंग, त्यामुळे लिनक्सवर ‘ताल.झपताल’ बिनतक्रार उघडतं. विंडोजवर लुआ सी भाषेच्या साध्या फाइल-ओपनवर अवलंबून असते आणि तिथल्या नेहमीच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या संकेतसंचात) ही नावं सापडत नाहीत. त्यासाठी रोमन नावांचा पर्याय ठेवावा लागेल.

सध्या पॅकेज.सर्चर्सवर काम चालू आहे. रिक्वायर ज्यांना क्रमाने विचारते त्या शोधक फंक्शनांचं हे टेबल, त्यात मुळात चार शोधक असतात. मी शेवटी पाचवा जोडला आहे. तो पॅकेज.सर्चपाथला (नावावरून फाइल शोधणाऱ्या फंक्शनला) माझं स्वतःचं ‘?.ठेका’ हे टेम्प्लेट देतो आणि फाइल मिळाली की ती वाचून टेबल बनवणारं फंक्शन परत करतो. ठेक्याच्या फाइलमध्ये एवढंच असतं:

धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना

लुआचा एक शब्द न लिहिता तबला शिकणाऱ्या कुणालाही नवा ताल घालता यावा, हे मला यातून हवं आहे. शोधक शेवटी ठेवण्याचं कारण असं, की एखाद्या तालाला खास कोड लागला तर त्याच नावाची .लुआ फाइल आधी सापडावी. झपताल आणि रूपक अशा फाइलींतून वाजतायत. तीनतालाच्या फाइलमध्ये टाळी-खालीच्या खुणा कशा लिहायच्या, ते ठरवतो आहे. कुणी अशी नोटेशन-फाइल आधी बनवली असेल तर नमुना दाखवा.