तुम्ही विचारलंत म्हणून : कॅनडातल्या कॉटेजचं सामान थोडं थोडं करून का नेलं नाही?

प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. ज्यांचं घर घ्यायचं अजून चाललंय ते विचारतात, "सीमेवर सगळं खरं सांगायलाच लागतं का हो?" आणि ज्यांनी घेतलंय ते विचारत नाहीत, सांगतात. "आम्ही दर खेपेला दोन-दोन खोकी नेली, कुणी हटकलं नाही. तुम्हीच कशाला याद्या करत बसता?" मागच्या महिन्यात एकीने सगळ्यांसमोर विचारलं आणि मी नेहमीसारखा विषय बदलला. घरी येताना त्याचाच राग येत राहिला. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

घर का घेतलं, बॉस्टनपासून इतक्या लांब कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातच का, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या डेकवर बसून पासामाक्वॉडीच्या उपसागरातली ओहोटी बघितली आहे. तेव्हा ते सोडून देते.

आधी नियम सांगते, कारण तो कुणीच वाचत नाही. आम्हीही वाचला नव्हता. कॅनडात न राहणाऱ्या माणसाने तिथे सुट्टीपुरतं राहायला घर विकत घेतलं, किंवा निदान तीन वर्षांच्या करारावर भाड्याने घेतलं, तर कॅनडाच्या कस्टम्सच्या लेखी तो 'हंगामी रहिवासी' ठरतो. टाइमशेअर, म्हणजे वर्षातले ठरावीक दिवसच वाट्याला येणारं घर, किंवा चाकांवरचं फिरतं घर त्यात धरत नाहीत. अशा माणसाला घरासाठीचं सामान कर न भरता नेता येतं. अट अशी, की ते आधीपासून त्याच्या मालकीचं, ताब्यातलं आणि वापरातलं हवं. दारू, तंबाखू, गाडी या सवलतीत येत नाही. नेलेलं सामान वर्षभर विकायचं नाही. आणि सवलत एकदाच, घरात पहिल्यांदा राहायला जाताना. त्या वेळी सगळ्या सामानाची यादी द्यायची. सोबत काय आहे ते वेगळं, मागून काय येणार ते वेगळं, प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत, विजेच्या वस्तूंचा मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर. त्यावरून बीएसएफ १८६ नावाचा एक फॉर्म भरला जातो. मागून येणाऱ्या वस्तू त्या दिवशी यादीत असल्या तरच पुढे बिनकराच्या येतात.

म्हणजे थोडं थोडं करून न्यायलाही कुणाची ना नाही. फक्त पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

हे मला कळलं ते नाक्यावरच्या शेडमध्ये, माझ्याच घरच्या पडद्यांच्या ढिगाशेजारी उभी असताना.

जून २०१९, शुक्रवार. मुलीची शाळा नुकतीच संपली होती, ती नऊ वर्षांची. गाडीत दोन घड्या घातलेल्या गाद्या, मायक्रोवेव्ह, माझं शिवणाचं मशीन, तीन खोकी भांडी, दोन उभे दिवे आणि सगळ्यात मागे सासऱ्यांची आरामखुर्ची, पाय काचेकडे करून. मेन राज्यातल्या बँगोरनंतर हायवे सोडून आम्ही नऊ नंबरच्या रस्त्याला लागलो. दीडशे किलोमीटर नुसतं जंगल. तो संपतो तिथे सेंट क्रॉई नदी, पलीकडे कॅनडा. पलीकडे जायला तिथे तीन पूल होते. त्यातला कोणता, ते सांगत नाही. तिथल्या माणसांचा यात काही दोष नाही.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतले, कुठे, किती दिवस, विचारलं. मग, "कॅनडात काही ठेवून येणार आहात का?"

नवरा म्हणाला, "नाही. आठवड्यासाठी चाललोय."

"आणि ती खुर्ची?"

"मला पाठीचा त्रास आहे. हॉटेलच्या खुर्चीत बसवत नाही."

हॉटेलचा विषय कुणी काढलाच नव्हता. अधिकाऱ्याने मागची काच खाली करायला सांगितली आणि मुलीला विचारलं, अगदी हळू आवाजात, "हे सगळं सामान तुमच्याबरोबर परत घरी जाणार आहे का?" ती गादीला टेकून बसली होती, मांडीवर उशांची पिशवी. तिने आरशात बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "हो." एवढ्यावर थांबली असती तर एक वेळ. पण तिला वाटलं असावं की एवढं पुरणार नाही. "बाबाला ही खुर्ची रोज लागते," ती म्हणाली.

त्यांनी एक कागद दिला आणि गाडी शेडमध्ये घ्यायला सांगितली.

सगळं बाहेर काढलं. ते लोक उद्धटपणे वागले नाहीत, हे आवर्जून सांगते. हातमोजे घालून एकेक खोकं उघडत होते, बशांच्या मधले कागद पुन्हा तसेच लावत होते. मग पडद्यांची पिशवी निघाली. जुन्या घरातले पडदे मी उसवून नव्या खिडक्यांच्या मापाने पुन्हा शिवले होते आणि गोंधळ नको म्हणून प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावली होती. चिठ्ठ्या मराठीत. पिवळ्या कागदावर माझं अक्षर. एका बाईने एक पडदा उचलून चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "यावर काय लिहिलंय?"

काहीही सांगता आलं असतं. त्या शेडमध्ये ते वाचू शकणारी माणसं आम्ही तिघंच होतो. पण त्या तिघांत ती होती. त्या वर्षी दर रविवारी मीच तिला जोडाक्षरं शिकवत होते. ती माझ्या कोपराशी उभी राहून त्या चिठ्ठीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. 'द्र'पाशी अडखळली, मग पुढे गेली.

मी वाचून दाखवलं. "वरची खोली, समुद्राकडची खिडकी, बेचाळीस इंच."

त्या बाईने पुढची चिठ्ठी उचलली. मी तीही वाचली. स्वयंपाकघर, डावीकडची. जिन्यावरची छोटी. अकरा चिठ्ठ्या होत्या, अकराही वाचल्या. नवरा खाली बघत होता. आणि मुलगी माझ्याकडे. आई खरं बोलतेय, म्हणजे आपण मघाशी जे बोललो ते काय होतं, हे त्या अकरा चिठ्ठ्यांमध्ये तिच्या ध्यानात येत गेलं, आणि ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. थांबता येत नव्हतं.

पुढचं थोडक्यात. घर आमच्या नावावर आहे, कागद माझ्या पर्समध्ये होते. सामान सगळं जुनं, वापरलेलं. त्या बाईने ते कागद बघितले आणि म्हणाली, "हे खिडकीत सांगितलं असतंत तर फॉर्म भरून तासाभरात गेला असतात. एक डॉलरही लागला नसता." पण विचारल्यावर नाकारलेलं सामान ते जप्त करू शकतात, आणि किमतीच्या ठरावीक हिश्श्याएवढा दंड भरून सोडवावं लागतं. जुन्या सामानाची किंमत ती किती, तरी चारशे कॅनेडियन डॉलरच्या वर गेले. नोंद झाली ती वेगळीच. जो कर आम्हाला लागूच नव्हता तो चुकवायला आम्ही खोटं बोललो होतो.

नाका ओलांडला की घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. अंधार पडला होता. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "मग मी का खोटं बोलले?" दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. मला वाटलं तो देईल, त्याला वाटलं मी.

दुसऱ्या दिवशी तिला मिनिस्टर्स आयलंडला न्यायचं कबूल केलं होतं. ओहोटी लागली की समुद्राच्या तळावरून बेटावर गाडी जाते, आणि भरतीला तोच रस्ता बुडतो. त्याचं तिला महिनाभर वेड लागलं होतं. सकाळी ओहोटीची वेळ बघून मी तिला उठवलं. ती म्हणाली, नको.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, मुलं विसरतात. आणि तुमचा दुसरा मुद्दाही मला ठाऊक आहे, की इथे आलेल्या आपल्यासारख्या माणसाला खिडकीतल्या अधिकाऱ्याशी जास्त बोलायचं नाही हेच शिकवलेलं असतं. विचारलं तेवढंच सांग, हो किंवा नाही. व्हिसाच्या रांगांमध्ये घालवलेल्या वर्षांनी हे अंगात भिनवलं. ते खोटं नाही. आमचं वागणं फक्त पैशासाठी नव्हतं. यादी, फॉर्म, आत बोलावणं, या सगळ्याची धास्ती होती. पण पैशासाठी अजिबात नव्हतं असंही मला म्हणता येणार नाही. दोन हजार डॉलर कर बसेल असा हिशेब कुणीतरी तोंडी सांगितला होता, आणि तो आम्हाला भरायचा नव्हता.

आणखी एक. ही हकिकत ज्या दोन-तीन घरांत माहीत आहे तिथे सगळे नवऱ्याला दोष देतात, आणि सहा वर्षं मी देऊ दिला. नऊ नंबरच्या रस्त्यावर त्याने विचारलं होतं, "घर घेतलंय असं सांगून टाकू का?" मी म्हणाले, "कशाला? आठवड्यासाठी चाललोय म्हण." हे वाक्य माझं होतं. त्याने ते एकदाही कुणाला सांगितलेलं नाही, भांडणातसुद्धा. आणि शेडमध्ये खरं बोलणारी मीच झाले.

तेव्हाच्या मला मी अजून समजावते. नियम वाच, दोन पानांची यादी कर, फोन करून विचार. ती म्हणते, आणि नाही सापडलो असतो तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. बरेच जण सापडत नाहीत. आमच्या शेजारच्या कॉटेजवाल्यांनी अख्खं स्वयंपाकघर आठ खेपांत आणलं आणि त्यांची मुलं हसतखेळत आहेत. तुम्ही सापडाल असं मी म्हणतच नाही.

मी एवढंच सांगू शकते की तिथलं घर आपलं असलं तरी तिथे जाण्याचा हक्क आपला नसतो. २०२० च्या मार्चमध्ये सीमा बंद झाली, तेव्हा घराचे कागद कुणी विचारले नाहीत. लस घेतलेल्या अमेरिकनांना ९ ऑगस्ट २०२१ पासून जाऊ दिलं, तोपर्यंत आपलं घर तिकडे आणि आपण इकडे. दर वेळी त्या खिडकीतला माणूस ठरवतो. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपल्याबद्दल काय लिहिलंय याने फरक पडतो. त्या जूननंतर कितीतरी वर्षं जवळजवळ प्रत्येक खेपेला आम्हाला तपासणीसाठी आत घेतलं गेलं. म्हणून याद्या. उन्हाळ्याच्या दोन चादरी नेल्या तरी मी त्या कागदावर लिहिते, आणि कर सांगतील तो भरते.

जे नव्याने घेताय त्यांच्यासाठी कामाचं : शहरी पट्ट्यातली घरं परदेशी लोकांनी घेण्यावर १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे, ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. त्याबाहेरच्या गावांना ती लागू नाही. जळणाचा लाकूडफाटा इथून नेऊ नका, किडीपायी परवान्याशिवाय सोडत नाहीत. किल्लीला लावलेला पेपर स्प्रे काढून ठेवा, कॅनडात तो बंदी घातलेल्या हत्यारांत मोडतो. आणि यादी घरूनच दोन प्रतींत करून न्या, मागून येणाऱ्या सामानासकट.

मुलगी आता पंधराची आहे. एकदा मी विचारलं, तुला तो दिवस आठवतो का? "कुठला?" म्हणाली. खरंच विसरली असेल. पण नाका जवळ आला की ती कानातले इअरफोन काढते आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच मागची काच खाली करते. ऐन पावसातसुद्धा. या जूनमध्ये खिडकीतल्या माणसाने तिच्याकडे बघितलंही नाही. पासपोर्ट परत मिळाले, गाडी पुढे निघाली, तरी पूल संपेपर्यंत तिने काच वर केली नव्हती.