आमची वाटचाल : फ्लेक्सच्या दुकानातून प्रदर्शनाच्या मैदानात

2009 ला मी आणि भावाने चिंचवडला फ्लेक्स प्रिंटिंग सुरू केलं तेव्हा वाढदिवसाचे बॅनर आणि दुकानांचे बोर्ड एवढंच काम असायचं. इव्हेंटकडे वळलो ते एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांमुळे, त्यांचा बॅकड्रॉप म्हणजे मागचा मोठा पडदा एकाकडून यायचा, स्टँडी म्हणजे उभा बॅनर दुसऱ्याकडून, टी-शर्ट तिसऱ्याकडून, आणि एकाच कंपनीचा निळा रंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा. माणसाने आयुष्य घालून कंपनी उभी केलेली असते हो, तिचं नाव असं विस्कटलेलं बघवत नाही.

रंगाचं कारण सरळ आहे, स्क्रीन आरजीबीत म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात दाखवते, मशीन सीएमवायकेत म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईत छापतं, आणि फ्लेक्स, व्हिनाइल, कापड प्रत्येकाची शाई घ्यायची तऱ्हा वेगळी. म्हणून आम्ही आधी प्रत्येक मटेरियलवर छोटा तुकडा छापतो, सगळे एकत्र पांढऱ्या लाइटखाली ठेवतो आणि मालकाची त्यावर सही घेतो, मगच बाकीचं छापायचं. पिवळ्या लाइटखाली पास केलेला निळा हॉलमध्ये वेगळाच दिसतो.

मोशीला किसानसारख्या शेतीच्या प्रदर्शनात ऑक्टोनॉर्मचा, म्हणजे तयार खांब आणि पॅनल जोडून उभा केलेला स्टॉल साधारण तीन बाय तीन मीटरचा. मागची भिंत मीटर-मीटरच्या पॅनलची, मध्ये अॅल्युमिनियमचे खांब, लोगो बरोबर खांबावर आला की नावाचे दोन तुकडे. एकतर लोगो एका पॅनलमध्ये बसवा नाहीतर पुढे फ्रेम लावून सलग प्रिंट ताणा, आम्ही हा दुसरा मार्गच सुचवतो. वरच्या फॅशियावरचं, म्हणजे स्टॉलच्या पुढच्या पट्टीवरचं नाव आयोजक लावतात, तेही तुम्ही फॉर्मवर जसं लिहिलं तसंच, तेव्हा फॉर्म भरणाऱ्याला लेटरहेड समोर ठेवायला सांगा.

स्टेजचं गणित आणखी वेगळं. समई, सोफा, फुलं यात बॅकड्रॉपचा खालचा तीनेक फुटांचा भाग जातोच, आणि शाल-श्रीफळाचा फोटो पेपरात येतो तो छातीच्या वरचा. म्हणून लोगो चेहऱ्याच्या उंचीला आणि पोडियमच्या वरच्या भागात. एलईडी वॉलवर पांढरी पार्श्वभूमी ठेवू नका, कॅमेऱ्यात माणसं काळी पडतात, मग लोगो झकास आणि साहेब ओळखू येत नाहीत. मराठी मजकुराची फाइल तर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच पाठवा, नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की भलतीच अक्षरं छापून येतात.

2020 ला सगळे इव्हेंट बंद झाले. त्या काळात आम्ही बसून प्रत्येक ग्राहकाचं फोल्डर केलं, लोगोची मूळ फाइल, रंगांचे नंबर, आधीच्या स्टॉलचे फोटो, सगळं एका जागी. आजही नवीन पोरगा कामाला लागला की आधी ती फोल्डरं बघतो.

सध्या आम्ही कापडी प्रिंट आणि घडीच्या फ्रेमवर भर देतोय, मोशीला लावलेलीच भिंत काढून गोरेगावच्या प्रदर्शनात लावता येते, दरवेळी नवा फ्लेक्स फाडून टाकावा लागत नाही. ग्राहकाचा खर्च वाचतो आणि रंगही तोच राहतो.