खुंटीवरचं गियर अंगावर आणताना: मार्च ते जुलै, कामाच्या नोंदी

काम चालू आहे ते बाईक चालवताना अंगात घालायच्या संरक्षक गियरच्या, मधल्या बजेटच्या एका सेटवर. फुल फेस हेल्मेट, मेश (जाळीदार) जॅकेट, नी आर्मर (गुडघ्याचं संरक्षक पॅड) असलेली पँट, आखूड कफचे ग्लोव्ह्ज आणि घोटा झाकणारे बूट. वापर रोज शहरात वीसेक किमी, रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा. उद्दिष्ट एकच: निघताना यातली एकही वस्तू घरी ठेवावीशी वाटू नये. गियर टाळण्याची कारणं शंभरातल्या नव्वद वेळा अगदी बारीक असतात. कुठेतरी टोचतं, कुठेतरी सरकतं, चेन अडकते, घाम येतो. ही कारणं एकेक करून काढून टाकता येतात. पाच महिन्यांत कुठवर आलो ते खाली.

मार्च: हेल्मेट

पुण्यात हेल्मेटसक्तीचा वाद निघाला की ‘मान दुखते’ हा मुद्दा हमखास येतो. तो खोटा नाही. ढगळ हेल्मेट ताशी ६० किमीच्या पुढे वारा पकडतं, मागे ओढतं, आणि मान दिवसभर त्याच्याशी झुंजते. मापाचं हेल्मेट वजनाने थोडं जास्त असलं तरी मानेला हलकं वाटतं.

माप घेताना टेप भुवयांच्या वर अडीच सेंमी आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची. तीनदा मोजायचं, मोठा आकडा धरायचा. दोन मापांच्या मधे आलात तर आधी लहान माप घालून बघा. हेल्मेट घातल्यावर दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवायचं: गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर ते मोठं आहे. मग पट्टा लावून मागच्या कडेखाली बोटं घालायची आणि वर-पुढे ढकलायचं. डोक्यावरून निघालं, तर पडल्यावरही निघणार.

दुकानातली दोन मिनिटं पुरत नाहीत. घरी अर्धा तास घालून बसा आणि काढल्यावर आरशात बघा. कपाळाच्या मधोमध लाल ठसा उठला असेल तर आकार तुमच्या डोक्याचा नाही. तो सवयीने जात नाही, दहाव्या किलोमीटरला डोकं धरतं. गाल दाबले जात असतील तर काळजी नको, चीक पॅड (गालाजवळच्या गाद्या) पंधरा-वीस तासांच्या वापरात बसतात. बऱ्याच कंपन्यांचे कमी-जास्त जाडीचे पॅड वेगळे मिळतात. या सेटमध्ये एक नंबर पातळ पॅड टाकले आणि चष्म्याच्या काड्यांचा त्रास तिथेच संपला.

मार्क कसा वाचायचा: भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. स्टिकरवर आयएस ४१५१ हा मानकाचा आणि सीएम/एल हा कंपनीच्या परवान्याचा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. रस्त्याकडेला ‘डॉट’ (अमेरिकी मानक) लिहिलेली स्टिकरं सुटी मिळतात, त्यावर जाऊ नका. ईसीई (युरोपात चालणारं मानक) असेल तर पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर गोलातला ‘ई’ आणि ०६ ने सुरू होणारा नंबर शोधा. ०६ म्हणजे या मानकाची २२.०६ आवृत्ती. त्यात ८.२ मीटर प्रति सेकंद या जोराच्या आणि ६ मीटर प्रति सेकंद या हलक्या, अशा दोन्ही वेगांच्या आपटी आहेत, शिवाय तिरकी आपटही आहे. नंबरानंतर ‘पी’ असेल तर हनुवटीचा भाग चाचणीत पास झालेला, ‘जे’ असेल तर हनुवटी उघडी, ‘एनपी’ असेल तर समोर दिसणारा बार नुसता वारा अडवायला.

‘सिग्नलपर्यंतच जायचंय’ याचा हिशोब असा. बाईकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून नुसतं खाली पडलं तरी रस्त्याला लागताना वेग भरतो तासाला वीस किमीच्या आसपास. बाईक उभी असली तरी हा आकडा बदलत नाही.

एप्रिल: आर्मर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जाणारच होता. आर्मर आहे की नाही एवढंच बहुतेक जण बघतात. ते हाडावर बसलंय का, हे बघायचं राहून जातं.

आधी सगळं आर्मर खिशातून बाहेर काढलं. खांदा आणि कोपर यांवर ईएन १६२१-१ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) आणि लेव्हल १ असा ठसा मिळाला. पाठीतून निघाला नुसता फोमचा तुकडा, ठसा काहीच नाही. हे बऱ्याच जॅकेटांत असतं. तो फोम खिसा भरून दाखवायला असतो, त्याला संरक्षण समजू नका. ५० जूलचा ठोका दिल्यावर पलीकडे सरासरी किती जोर पोचतो, त्यावर लेव्हल ठरते. कोपर-गुडघ्याला लेव्हल १ म्हणजे ३५ किलोन्यूटनपर्यंत, लेव्हल २ म्हणजे २० पर्यंत. पाठीला ईएन १६२१-२, तिथे हेच आकडे १८ आणि ९. म्हणजे पाठीत लेव्हल २ घातलं की पलीकडे पोचणाऱ्या जोराची मर्यादा निम्म्यावर येते. पैसे एकाच जागी घालायचे असतील तर तिथे घाला.

पाठीचं इन्सर्ट मागवण्याआधी खिशाची आतली लांबी-रुंदी स्केलने मोजा. खिसा लहान आणि पॅड मोठं, मग कात्रीने कडा कापल्या, हा प्रकार सर्रास चालतो. कापलेल्या पॅडचं सर्टिफिकेशन तिथेच संपतं, आणि कापली जाते ती कड नेमकी कमरेची किंवा खांद्याच्या पात्याची असते. लेबलवर ‘एफबी’ म्हणजे पूर्ण पाठ, ‘सीबी’ म्हणजे मधला भाग. शक्य असेल तर एफबी.

आपल्याकडे आणखी एक अक्षर बघायला हवं: ‘टी प्लस’. डी३ओ या ब्रँडसारखं मऊ आर्मर उष्णतेने आणखी मऊ पडतं. टी प्लस लिहिलेलं पॅड ४० अंशांना तपासलेलं असतं. एप्रिलमध्ये काळ्या सीटवर वाळत पडलेल्या जॅकेटला हात लावून बघा, या अक्षराची गरज लगेच कळते.

आता बसण्याची जागा. जॅकेट घालून बाईकवर बसायचं, हात हँडलवर. दुसऱ्या माणसाने कोपराजवळची बाही मुठीत धरून आत-बाहेर पिळायची. या सेटमध्ये पॅड सरळ कोपराच्या आतल्या बाजूला फिरलं, हाड उघडं पडलं. रस्त्यावर घसरताना बाही अशीच पिळली जाते. उपाय या क्रमाने केले:

दंडाचा आणि मनगटाजवळचा पट्टा, दोन्ही आवळले. पन्नास टक्के फरक पडला. मग खिशातलं वेल्क्रो उकलून पॅड दीड सेंमी खाली घेतलं, म्हणजे पॅडची वाटी कोपराच्या टोकावर आली आणि लांब शेपूट पुढच्या हाताच्या बाहेरच्या कडेवर. तरी थोडं फिरत होतं. शेवटी खिशाच्या आतल्या कडेला शिंप्याकडून एक उभी शिवण घालून घेतली, खिसा पॅडच्या रुंदीएवढा झाला. शिवण फक्त आतल्या खिशाच्या कापडावर, बाहेरच्या कापडाला सुई लावायची नाही. हे आधी नीट बजावून सांगा. बाहेरची शिवण उसवली किंवा भोकं पडली की घसरताना कापड तिथून फाटतं. आता बाही पिळली तरी पॅड हाडावरून हलत नाही.

गुडघ्याचं उलटं असतं. उभं असताना पॅड खाली लोंबल्यासारखं दिसतं आणि लोक ते वर ओढतात. बसल्यावर मग ते मांडीवर जातं. बाईकवर बसूनच शिंप्याच्या खडूने पँटवर गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर खूण केली, वेल्क्रोने पॅड त्या खुणेवर आणलं, खालचं टोक नडगीवर. उभं राहिल्यावर विचित्र दिसतं. दिसू दे.

कापडाबद्दल थोडक्यात. ईएन १७०९२ (रायडिंगच्या कपड्यांचं मानक) चं लेबल असेल तर एएए, एए, ए या उतरत्या श्रेणी. सर्वांत जास्त घासल्या जाणाऱ्या भागाची चाचणी अनुक्रमे साधारण १२०, ७० आणि ४५ किमी वेगाएवढी असते. ‘बी’ म्हणजे घासण्यात ए इतकंच, पण आर्मर नाही. ‘सी’ म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारी जाळी, ती एकटी घालायची नाही. मेश जॅकेट निवडताना खांदा, कोपर आणि बाहीची मागची बाजू यांवर जाळी आहे की भरीव कापड, ते बघा. जाळी छातीवर आणि बाहीच्या आतल्या अंगाला शोभते.

मे: ऊन

कोकणातलं ऊन आणि विदर्भातलं ऊन यांना एकच उपाय चालत नाही. रत्नागिरीला हवा दमट, घाम वाळतच नाही, तिथे जेवढा वारा आत येईल तेवढा हवा. मेश पूर्ण उघडं, आत पातळ घट्ट ड्राय-फिट बनियन. सुती टी-शर्ट भिजला की चिकटतो आणि आर्मरच्या कडेला कातडी सोलते.

नागपूरला ४३-४४ अंशांत गोष्ट वेगळी. हवा अंगापेक्षा गरम, त्यामुळे नुसता वारा घेतला तर अंग आणखी तापतं आणि घाम झरझर उडून जातो. तिथे टी-शर्ट पाण्यात बुडवून, पिळून घालायचा, वर जॅकेटच्या निम्म्या चेनी बंद. ओलावा हळूहळू उडतो आणि अंग थंड राहतं. पाऊण तासाने पुन्हा भिजवायचा, त्याच थांब्याला पाणी प्यायचं. टी-शर्टवर निघणाऱ्याला वाटतं तो सुखात आहे, पण या तापमानाला उघडी कातडी जास्त पाणी गमावते.

महिनाअखेर धुणं. आर्मर काढण्याआधी प्रत्येक पॅडवर टेप लावून डावा-उजवा लिहा. कोमट पाणी, सौम्य लिक्विड, हाताने. फॅब्रिक सॉफ्टनर नको. सावलीत वाळत.

जून: पाऊस

जॅकेटच्या आतलं रेन लायनर काढून टाकलं. सह्याद्रीच्या पावसात बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, वारा लागून गार पडतं, आणि आतला माणूस कोरडा असून कुडकुडतो. जॅकेटवरून घालायचा रेनसूट घ्या, जॅकेटसकट एक माप मोठा. गळती जवळपास नेहमी मांड्यांमधल्या शिवणीतून होते. आतून सीम टेप मारली की सुटते. रेनपँटचा उजवा पाय बेंड पाइपला (सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीला) लागून वितळतो, तिथे घेर वेल्क्रोने आवळून ठेवा. ग्लोव्ह्ज रेनकोटच्या बाहीच्या आत, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी ग्लोव्ह्जमध्ये साठतं.

घाटात व्हायझरवर धुकं साचलं की लोक तो उघडतात, आणि थेंब डोळ्यात टोचायला लागतात. पिनलॉक लेन्स बसवली, म्हणजे व्हायझरच्या आतून पिनांवर बसणारा, धुकं रोखणारा दुसरा थर. लेन्सच्या कडेची सिलिकॉनची कडी व्हायझरला सगळीकडून चिकटली पाहिजे. उजेडासमोर धरून बघा: कुठे फट दिसली तर त्या बाजूची पिन थोडी फिरवायची, ती एककेंद्री नसते, फिरवली की ताण बदलतो. फट राहिली तर वाफ दोन थरांच्या मधे जाते आणि अवस्था आधीपेक्षा वाईट होते. चिखल कोरड्या फडक्याने पुसायचा नाही. ओलं मऊ फडकं पाच मिनिटं व्हायझरवर ठेवा, मग अलगद ओढा. काच पुसायचा स्प्रे पॉलिकार्बोनेटच्या (प्लास्टिकच्या) व्हायझरला चालत नाही.

जुलै: हात, पाय, मागची सीट

ग्लोव्ह्ज: मनगटाचा पट्टा लावून दुसऱ्याला बोटांच्या टोकांना धरून ओढायला सांगा. निघाले तर ते शोभेचे. ईएन १३५९४ (ग्लोव्ह्जचं मानक) च्या लेबलवर ‘१ केपी’ असेल तर बोटांच्या पेरांवरचं कवच तपासलेलं आहे. बोटाच्या टोकाला पाचेक मिमी जागा हवी, नाहीतर ब्रेक धरताना नखं दुखतात आणि ग्लोव्ह्ज टँक बॅगेत जातात.

बूट: फडकं पिळतो तसा तळवा दोन्ही हातांनी पिळून बघा. सहज पिळला गेला तर पाय बाईकखाली सापडल्यावर काही उपयोग नाही. नाडी आत खोचा, डावी गियर लीव्हरला अडकते. गमबूट कोरडे ठेवतात, घोट्याला काही करत नाहीत.

मागच्या सीटचं काम अर्धवट आहे. बाईक चालवणारा नखशिखांत गियरमध्ये आणि मागे बसलेली व्यक्ती टोपीएवढ्या हेल्मेटमध्ये, हे चित्र अजून रोज दिसतं. अंबाडा असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढची कड डोळ्यांवर येते. मानेजवळ सैल वेणी घातली तर नीट बसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, सेफ्टी हार्नेस आणि ४० किमीची वेगमर्यादा. साडीवर चालेल असं नी आर्मर अजून जमलेलं नाही: आत बांधायचं पट्ट्याचं गार्ड एका अंगाला बसल्यावर पोटरीकडे घसरतं. पुढच्या नोंदीत घट्ट लेगिंगला आतून खिसा शिवून, त्यात मऊ लेव्हल १ पॅड टाकून बघायचं आहे. कोणी आधीच केलं असेल तर कापड कोणतं आणि खिसा गुडघ्याच्या किती वर सुरू केला, तेवढं कळवा.