सेनेकाच्या काठावर: डोळे कापले, काड्या राखल्या

मार्चचा दुसरा रविवार. ओळींच्या सावलीत अजून घोटाभर बर्फ होता. कात्री बरोबर होती, पण छाटणीला हात लावला नाही, नुसत्या काड्या गोळा करून आणल्या. द्राक्षबाग लहानच आहे: न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका तळ्याच्या पूर्व उतारावर सहा बाय नऊ फुटांवर रिसलिंगची 96 आणि काबर्ने फ्रांकची 24 झाडं, दोन्ही वाइनच्या द्राक्षांचे वाण. या हिवाळ्यात एका रात्री बागेतल्या थर्मामीटरने उणे 22 सेल्सिअस दाखवलं. तेव्हापासून काड्यांवरचे डोळे, म्हणजे फूट जिथून निघते त्या कळ्या, किती जगले असतील हाच घोर लागला होता.

दोन्ही वाणांचे शंभर-शंभर डोळे घेतले. काड्या दोन दिवस घरात ठेवल्या, कारण मेलेला डोळा उबेत आला की मगच आतून तपकिरी पडतो. गारठलेला कापला तर सगळंच हिरवं दिसतं आणि फसायला होतं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाढीचं पातं घेऊन बसले. डोळ्याचा वरून पातळ काप काढायचा, मग आणखी एक. तिसऱ्या-चौथ्या कापाला मधोमध मोहरीहून बारीक ठिपका दिसतो, तो मुख्य डोळा. त्याला चिकटून दोन्ही बाजूंना दुय्यम आणि तिय्यम. पोपटी ठिपका म्हणजे जीव आहे. चहाच्या चोथ्यासारखा काळपट दिसला की गेला. कित्येक डोळ्यांत मधला काळा आणि शेजारचा दुय्यम हिरवागार निघाला. अशा डोळ्याला फूट येते, पण घड फारसा येत नाही.

निफाडला आमच्याकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, काड्या लॅबमध्ये देतात, डोळ्यात घड धरलाय का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. लहानपणी अण्णांबरोबर मीही काड्यांची मोळी घेऊन गेले आहे. इथे त्याच डोळ्यात आधी जीव शोधावा लागतो.

रिसलिंगचे 31 मुख्य डोळे मेलेले निघाले, काबर्ने फ्रांकचे 44. फ्रांक खालच्या कोपऱ्यात लावलंय आणि थंड हवा पाण्यासारखी उतरून तिथेच साचते. ती जागा निवडताना मी चुकले, हे आता पक्कं कळलं.

त्यामुळे छाटणीचं गणित बदललं. एरवी रिसलिंगला बारा-बारा डोळ्यांच्या दोन काड्या ठेवते. यंदा आठ डोळ्यांची तिसरी ठेवली, म्हणजे झाडावर 32 डोळे. फ्रांकला थेट दुप्पट, चार काड्या. अण्णांना व्हिडिओ कॉलवर ओळ दाखवली तर ते म्हणाले, "एवढं रान कशाला ठेवलंस पोरी? झाडाला ओझं होईल." एप्रिलच्या खरड छाटणीत सगळी काडी उतरवणारा हात त्यांचा, त्यांना हे बघवेना. मी कापलेला डोळा कॅमेऱ्यासमोर धरला. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे मग. फुटी निघाल्या की विरळणी मात्र वेळेत कर." करणारच आहे, अण्णा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कापल्या जागांतून पाणी ठिबकायला लागलं. मुळं जागी झाली. या दिवसांत काडी लवचिक होते, म्हणून तारेवर बांधायचं काम तेव्हाच उरकलं. त्यातही दमट, ढगाळ सकाळ गाठायची. कोरड्या उन्हात वाकवलेल्या दोन काड्या माझ्या हातातच मोडल्या.

मग माती. शरद ऋतूत कलमाच्या जोडावर मातीची भर दिली होती. खोड गारठून गेलं तरी मातीखालचे डोळे वाचतात आणि तिथून नवं खोड उभं करता येतं. ती माती आता काढायलाच हवी, नाहीतर जोडाच्या वरून रिसलिंगची स्वतःची मुळं सुटतात आणि मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीपासून वाचवणाऱ्या खुंटाचा, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या झाडाचा, उपयोग राहत नाही. माझा खुंट 3309 या जातीचा आहे. द्राक्षतज्ज्ञ कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी 1950 च्या दशकात या भागात युरोपीय वेली योग्य खुंटावर कलम करून तगवून दाखवल्या. माती काढताना दरवेळी त्यांची आठवण होते. शेवटचा थर हातानेच काढा. दोन वर्षांपूर्वी माझी कुदळ एका खोडाला लागली, साल निघाली आणि त्याच जखमेवर पुढे गाठ धरली.

नाशिकला थंडी पुरत नाही, म्हणून डोळे एकदम फुटावेत यासाठी छाटणीनंतर काडीला पेस्ट लावतात. इथे मी रोज मनात म्हणते, अजून थोडं थांबा. तळं जवळजवळ 188 मीटर खोल आहे, वसंतात ते बराच काळ गार राहतं आणि उतारावरचे डोळेही मागे धरतं. तरी 18 मे 2023 च्या पहाटे या सगळ्या भागाला दहिवराने, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीने, झोडपलं होतं. माझ्या वीतभर फुटी दुपारपर्यंत उकडलेल्या पालकासारख्या लोंबत होत्या. तेव्हापासून प्रत्येक झाडावर एक जादा काडी न बांधता उभी सोडते. उभ्या काडीचे टोकाकडचे डोळे आधी फुटतात, बुडाकडचे मागे राहतात. दहिवराने तारेवरचं नेलं, तर ही राखीव काडी खाली वाकवायची.

आज 24 एप्रिल. रिसलिंगचे डोळे फुगलेत, काहींवर कापसासारखी लव दिसतेय. फ्रांक अजून गप्प आहे. 120 जादा काड्या उभ्या आहेत, 20 मेपर्यंत त्यांना कात्री नाही. पुढची नोंद पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळ्यातून कोवळी फूट बाहेर आली की, जिवंत फुटी मोजून. शंभरातले 31 हा माझा अंदाज कितपत बरोबर होता, ते तेव्हा कळेल.