नदीच्या मधोमध घेतलेली शपथ

मध्ययुगातल्या तहांमधला माझा सगळ्यात आवडता तह म्हणजे ९२१ सालचा बॉनचा तह. तसा तो फारसा टिकला नाही, पण ज्या पद्धतीने तो झाला ना, ते वाचताना दोन्ही राजांच्या मनातली धाकधूक अक्षरशः दिसते.

एका बाजूला पश्चिम फ्रँक राज्याचा (साधारण आजचा फ्रान्स) राजा चार्ल्स, पश्चिम युरोपचा मोठा सम्राट शार्लमेन त्याचा खापरपणजोबा. दुसऱ्या बाजूला पूर्व फ्रँक राज्याचा (साधारण आजचा जर्मनी) हेन्री, मूळचा सॅक्सनीचा ड्यूक, ९१९ मध्ये सरदारांनी निवडून राजा केलेला, शार्लमेनच्या राजघराण्यातला नसलेला आणि वर राज्याभिषेकाचं पवित्र तेलही नको म्हणालेला. भांडण होतं लोथरिंगियाचं, म्हणजे दोघांच्या मधला श्रीमंत पट्टा, कोलोन, ट्रिअर, मेत्स वगैरे शहरांचा. ९११ पासून तो चार्ल्सकडे होता आणि ९२० मध्ये तर त्याची फौज पार वर्म्सजवळ जाऊन परत आली होती. त्यामुळे बोलणी करायची ठरली तरी कोण कोणाकडे जाणार? जो जाईल तो लहान ठरणार!

मग ठरलं बॉनजवळ ऱ्हाईन नदीवर भेटायचं. ४ नोव्हेंबरला दोघं आपापल्या काठावर आले आणि फक्त एकमेकांना पाहिलं, बास, त्या दिवशी एवढंच. ७ तारखेला दोघं आपापल्या नावेतून निघाले आणि नदीच्या मध्यात नांगर टाकून ठेवलेल्या तिसऱ्या नावेवर चढले. ती तिसरी नाव मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या नावेतून समोरच्याच्या नावेत पाय ठेवला तरी पाहुणा आणि यजमान ठरलेच असते.

शपथेचा मजकूर आजही उपलब्ध आहे. चार्ल्स म्हणतो, मी पश्चिम फ्रँकांचा राजा, आजपासून माझा मित्र पूर्वेचा राजा हेन्री याचा मित्र राहीन, मित्राने मित्राशी जसं वागायला हवं तसं, मला जेवढं कळतं आणि जमतं तेवढं, आणि तेही त्यानेही माझ्यासाठी हीच शपथ घेतली आणि पाळली तर. देव आणि समोरचे हे (संतांचे) पवित्र अवशेष मला साहाय्य करोत. मग हेन्रीने शब्दाला शब्द तेच म्हटलं. खाली दोन्हीकडच्या बिशप आणि काउंट लोकांची नावं आहेत, त्यात कोलोन आणि ट्रिअरचे आर्चबिशप चार्ल्सच्या बाजूने.

माझ्या मते या व्यवहारात खरी कमाई हेन्रीची झाली. लोथरिंगिया चार्ल्सकडेच राहिलं हे खरं, पण शार्लमेनच्या वंशजाने चारचौघांत त्याला बरोबरीचा राजा म्हटलं, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत नुसता ड्यूक असलेल्या माणसाला हे दुसरं कोण देऊ शकत होतं?

पुढचं वाचताना मात्र मला चार्ल्सबद्दल खरंच वाईट वाटतं. ९२२ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याच्या जागी रॉबर्ट नावाच्या एका बड्या सरदाराला राजा केलं, आणि ९२३ च्या सुरुवातीला हेन्रीने त्या रॉबर्टशीही मैत्रीचा करार केला! जूनमध्ये स्वासाँच्या लढाईत रॉबर्ट मेला पण लढाई चार्ल्सच हरला, नंतर वर्मांदुआच्या काउंट हर्बर्टने त्याला फसवून कैदेत टाकलं. सॅक्सन इतिहासकार विडुकिंड सांगतो की चार्ल्सच्या दूताने हेन्रीला संत डेनिसच्या हाताचा अवशेष आणून दिला, सोन्यात आणि रत्नांत मढवलेला. हेन्रीने तो घेतला, चार्ल्सला सोडवायला मात्र गेला नाही. 'जमेल तेवढं' या शब्दांचा आधार घेऊन हेन्रीची बाजू मांडता येईलही, पण रॉबर्टशी केलेला करार मला कशातच बसवता येत नाही, शपथ त्याने तिथेच मोडली.

९२५ मध्ये लोथरिंगिया हेन्रीकडे गेलं. चार्ल्स ९२९ मध्ये पेरोनला वारला, तेव्हाही तो कैदेतच होता.