ओडू मॉड्यूलमधले फोल्डर: कोणते ओडूसाठी आणि कोणते आपल्यासाठी

ओडू या व्यवसायाचे कामकाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडायचा भाग, लिहायला घेताना स्कॅफोल्ड ही आज्ञा दिली की मॉडेल्स (डेटाची रचना), व्ह्यूज (पडद्यावरची मांडणी), सिक्युरिटी, कंट्रोलर्स आणि डेमो असे फोल्डर आयतेच तयार होऊन समोर येतात, आणि त्यामुळेच नवख्या माणसाची समजूत होते की फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली म्हणजे ओडू ती आपणहून उचलणार. माझीही बरेच दिवस हीच समजूत होती. प्रत्यक्षात यांतील बहुतेक फोल्डरांच्या नावांशी ओडूला काहीही देणेघेणे नसते; ती नावे आपल्या आणि आपल्यानंतर तो कोड वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी आहेत. ओडू मॉड्यूलमध्ये शिरतो तो मुख्यतः दोन वाटांनी, आणि त्या वाटा एकदा लक्षात आल्या की रचनेचे कोडे उरत नाही.

पहिली वाट पायथनची. मॉड्यूलच्या मुळाशी असलेली इनिट फाइल (__init__.py) मॉडेल्स फोल्डरला आयात करते, आणि त्या फोल्डरमधली इनिट फाइल आतली एकेक फाइल आयात करते. या साखळीतली एक कडी जरी राहिली, तरी तुम्ही कितीही काळजीपूर्वक लिहिलेला क्लास ओडूच्या लेखी अस्तित्वातच नसतो. दुसरी वाट मॅनिफेस्ट फाइलची, म्हणजे मॉड्यूलची माहिती देणाऱ्या __manifest__.py या फाइलची. व्ह्यू, मेनू, अधिकार आणि प्रारंभीच्या नोंदी यांच्या एक्सएमएल व सीएसव्ही फाइली मॅनिफेस्टमधल्या 'डेटा' यादीत नावानिशी आणि फोल्डरच्या मार्गासह लिहिलेल्या असतील तरच वाचल्या जातात.

ही दुसरी वाट मला फसून समजली. उपकरणांच्या दुरुस्तीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका छोट्या मॉड्यूलसाठी मी फॉर्म व्ह्यूची फाइल लिहून व्ह्यूज फोल्डरमध्ये ठेवली, मॉड्यूल अपग्रेड केले, आणि पडद्यावर फॉर्म उघडलाही. मात्र मी केलेली मांडणी त्यात कुठेच नव्हती, सगळी फील्ड नुसती एकाखाली एक आलेली होती. मी एक्सएमएलमध्येच चूक शोधत राहिलो. लॉगमध्ये त्रुटी नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नव्हते, कारण यादीत नाव नसल्याने ओडूने ती फाइल उघडलीच नव्हती. एखाद्या मॉडेलसाठी व्ह्यू सापडला नाही तर ओडू स्वतःच एक साधा व्ह्यू तयार करून दाखवतो, आणि मी तोच माझा समजून दुरुस्त करत बसलो होतो. यादीत एक ओळ वाढवताच काम झाले.

या यादीतला क्रमही महत्त्वाचा आहे, कारण फाइली ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने वाचल्या जातात. मेनूची फाइल वर आणि त्या मेनूला लागणारी ॲक्शन (मेनू निवडल्यावर काय उघडायचे ते सांगणारी नोंद) खालच्या फाइलमध्ये असेल, तर पहिल्यांदा इन्स्टॉल करताना त्या ॲक्शनचा एक्सटर्नल आयडी, म्हणजे तिला ओळखण्याचे नाव, सापडत नसल्याची त्रुटी येते. म्हणून मी आधी वापरकर्ता गटांची फाइल, मग अधिकारांची सीएसव्ही, त्यानंतर व्ह्यू आणि सर्वांत शेवटी मेनू असा क्रम ठेवतो. अधिकारांच्या सीएसव्हीकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नये. तीत प्रत्येक मॉडेलसाठी वाचणे, बदलणे, नवी नोंद करणे आणि नोंद काढून टाकणे हे चार अधिकार 1 किंवा 0 असे लिहायचे असतात. ती ओळ नसेल तर मेनू दिसतच नाही आणि माणूस उगाचच मेनूच्या फाइलमध्ये दोष शोधत राहतो. आवृत्ती 14 पासून विझार्डच्या (एखादे काम करून घेण्यापुरत्या उघडणाऱ्या खिडकीच्या) तात्पुरत्या मॉडेलांनाही हे अधिकार द्यावे लागतात.

काही फोल्डरांना मात्र नावामुळेच अर्थ आहे, आणि ती नावे बदलून चालत नाहीत. स्टॅटिक फोल्डरमधली प्रत्येक फाइल लॉगिन न करताही ब्राउझरला मिळू शकते, त्यामुळे तेथे चिन्ह, शैली आणि जावास्क्रिप्ट ठेवावी, गोपनीय नमुना-फाइल कधीही ठेवू नये. अनुवादांच्या फोल्डरमधल्या फाइली भाषेच्या संकेतावरून ओळखल्या जातात, त्यांना मॅनिफेस्टमध्ये नोंदवावे लागत नाही. मायग्रेशन्स फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावाचे उपफोल्डर असतात आणि त्यांतली स्क्रिप्ट अपग्रेडच्या वेळी आवृत्ती ताडून चालवली जाते. आणि खुद्द मॉड्यूलच्या फोल्डरचे नाव हेच त्याचे तांत्रिक नाव असते. इन्स्टॉल झाल्यावर ते बदलले तर डेटाबेस जुन्याच नावाने मॉड्यूल शोधत राहतो.

दुसऱ्याने लिहिलेले मॉड्यूल हाती आले की मी आता फोल्डर एकेक उघडत बसत नाही. आधी मॅनिफेस्ट उघडून हे मॉड्यूल कोणत्या मॉड्यूलांवर अवलंबून आहे ते पाहतो, मग 'डेटा' यादी वरून खाली वाचतो, आणि त्यानंतर इनिट फाइलींच्या मागोमाग मॉडेलांपर्यंत जातो. वर सांगितलेले खास नावांचे फोल्डर सोडून या दोन्ही वाटांवर न भेटलेली फाइल दिसली, की ती मुद्दाम बाहेर ठेवली आहे की विसरली गेली आहे, हा प्रश्न मी लिहिणाऱ्याला सर्वांत आधी विचारतो.