तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्यांनी इच्छा जाते का?

आमच्या स्वमदत गटाची बैठक संपली की चपला घालता घालता कुणीतरी मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "ताई, डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या की नवराबायकोचं ते सगळं बंद होतं का? मग सोडून द्याव्यात का गोळ्या?" दारात उभं राहून हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

माझी इच्छा गोळ्यांच्या आधीच गेली होती. नैराश्यात चहाची गोडी जाते, गाण्याची जाते, माणसांची जाते, तशीच शरीराचीही जाते. मला ते कळलंही नव्हतं. रात्री मी ओटा पुसत राहायचे, नवऱ्याला झोप लागेपर्यंत. एकदा तो दारात येऊन म्हणाला, "अगं, तिसऱ्यांदा पुसतेयस." हातातलं फडकं कोरडं होतं. मी काहीच बोलले नाही. आपण हिला नकोसे झालोय, असं त्याने मनाशी धरलं ते पुढे दोन वर्षं. त्याची समजूत काढायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

मग गोळ्या आल्या. आधी एस्सिटॅलोप्रॅम, तिने भागेना म्हणून वेन्लाफॅक्सिन. दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात, आणि त्यामुळे बऱ्याच जणांची इच्छा कमी होते किंवा सुखाच्या शेवटापर्यंत पोचताच येत नाही. म्हणजे आजाराने नेलं होतंच, त्यात गोळीची भर. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही, तर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. हे ऐकून मी खचले होते. पण २००६ साली निकाल आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातही पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांशच होते.

आमच्यासारख्यांचे डोस मोठे असतात आणि जोडीला आणखी औषधं येतात. रिस्पेरिडोन जोडलं तर प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढून इच्छा आणखी खाली जाऊ शकते. आणि जिथे जगावंसं वाटण्याचीच मारामार, तिथे हे दुखणं सांगायचं कोणत्या तोंडाने? माझे पहिले डॉक्टर झोप विचारायचे, भूक विचारायचे, रडू येतं का विचारायचे. याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या गप्प बसण्यात माझी वर्षं गेली, याचा मला अजून राग येतो.

शेवटी मी वेन्लाफॅक्सिन मनानेच बंद केली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसायला लागले. महिन्याभरात मी पुन्हा अंथरुणाला खिळले, आणि इच्छा काही परत आली नाही. म्हणून हात जोडून सांगते, गोळी आपल्या मनाने सोडू नका. डॉक्टरांना एवढंच म्हणा, "मला जवळ यावंसं वाटत नाही, यावर काही करता येईल का?" करता येतं. डोस बदलता येतो. बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन या नैराश्याच्याच दुसऱ्या गोळ्यांनी हा त्रास कमी होऊ शकतो. फिट येणाऱ्यांना मात्र बुप्रोपिऑन देत नाहीत. थायरॉइडही तपासून घेतात.

नव्या डॉक्टरबाईंनी माझ्यापुढे याच त्रासाबद्दलच्या पाच प्रश्नांचा कागद ठेवला. प्रत्येक उत्तर १ ते ६ मध्ये, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. नवऱ्याला त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि हा आजाराचाच भाग आहे हे समजावलं. तो खाली मान घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला वाटलं होतं, माझंच काही चुकलं."

तेव्हा पहिल्या, इच्छेबद्दलच्या प्रश्नाला मी ६ वर खूण केली होती. आठ महिन्यांनी, परवा, ४ वर केली.